तुम्ही विचारलंत: मेडिकल मारिवानाचं बिल, व्हिसा आणि दोन मिनिटांची टेस्टिमनी

मागच्या अंकात कीमोच्या उलट्यांवरच्या औषधांबद्दल लिहिताना मी एक ओळ सहज टाकली होती, की अमेरिकेतल्या काही राज्यांत यासाठी गांजापासून केलेलं औषध डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मिळतं आणि काही राज्यांत तेच खिशात सापडलं तर पोलीस केस होते. त्या एका ओळीवर एवढ्या ईमेल आल्या की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी तीस वर्षं पेनसिल्व्हेनियात फार्मसिस्ट होते, आता रिटायर झालेय, वकील नाहीये, हे डोक्यात ठेवून वाचा. पत्रांतली नावं काढून टाकलीयेत.

प्रश्न: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. बायकोला ब्रेस्ट कॅन्सर, तिसरी कीमो झाली, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात या राज्यात माझे हात बांधलेले आहेत. औषधी मारिवानाचं, म्हणजे गांजाचं, बिल (विधेयक) येतं, राज्याच्या सिनेटमध्ये पास होतं आणि मग कुठे जातं कळत नाही. आम्ही दोघं सिटिझन आहोत. आमच्यासारख्या दोन माणसांनी करायचं काय, आणि त्याने काही होतं का?

आधी बायकोचं बोलू, बिल नंतर. ऑन्कॉलॉजिस्टना ड्रोनॅबिनॉलबद्दल विचारलंत का? तो कारखान्यात बनवलेला टीएचसीच आहे, म्हणजे गांजातलं नशा आणणारं मुख्य रसायन, कीमोच्या उलट्यांसाठी एफडीएने, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या खात्याने, 1985 मध्ये मंजूर केलेला, केरीतल्या कुठल्याही फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळू शकतो आणि त्यात बेकायदा काही नाही. नेहमीच्या उलटीच्या गोळ्या चालल्या नाहीत की मग देतात. काहींना गरगरतं, काहींना झोप येते. मारिनॉल म्हणून जी येते ती कॅप्सूल तिळाच्या तेलात असते, तेव्हा तिळाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बरं, आता यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, ज्या बाईच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नाही तिला आपण गोळी गिळ म्हणतोय. जिभेखाली ठेवायचे थेंब किंवा ओढायची वाफ मागणारे लोक चैन म्हणून मागत नाहीत, हे तुमच्या आमदाराला सांगायला यापेक्षा सोपं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता बिल. तुमच्याकडे 2022 च्या जूनमध्ये सिनेटने बिल पास केलं आणि 2023 मध्ये पुन्हा 36 विरुद्ध 10 मतांनी. ते आणणारे बिल रेबन हे रिपब्लिकन सिनेटर स्वतः कॅन्सरमधून उठलेले, आणि कीमो चालू असताना आपण गांजा ओढला होता हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. म्हणजे सिनेट हा तुमचा प्रॉब्लेमच नाही. अडतं ते हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, कारण तिथला बहुमताचा पक्ष आपल्याच बहुसंख्य आमदारांचा होकार असल्याशिवाय बिल मतदानाला येऊच देत नाही, तेव्हा बाकी सगळे मिळून बिल पास करू शकत असले तरी उपयोग शून्य. तुमच्या राज्यात लोकांनी सह्या गोळा करून कायदा मतपत्रिकेवर आणायची सोयही नाही. त्यामुळे सिनेटरला ईमेल करत बसू नका, गव्हर्नरला तर नकोच. हाउसमध्ये 120 जण आहेत, म्हणजे एका आमदारामागे साधारण 87 हजार माणसं. हा आकडा आपल्याकडच्या आमदाराच्या मानाने फार लहान आहे, तुमचा आमदार तुम्हाला ग्रोसरीच्या रांगेत भेटू शकतो इतका लहान.

आपला प्रतिनिधी कोण ते शोधा आणि त्याच्या ऑफिसला फोन करून पंधरा मिनिटं मागा, अधिवेशन चालू नसताना, गावातच. भेट बहुतेक वेळा असिस्टंटशी होते, पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी असते, हिरमुसू नका, साहेबांच्या टेबलावर काय ठेवायचं ते तीच पोरं ठरवतात. तयार ईमेल नावं बदलून पन्नास जणांनी पाठवायची जी पद्धत आहे ना आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ती पन्नास एकत्र एक म्हणून मोजतात. त्यापेक्षा ऑन्कॉलॉजिस्टचं चार ओळींचं पत्र मिळवा, बायकोची इच्छा असेल तर तिला घेऊन जा, आणि ‘तुम्ही सपोर्ट करता का’ असं विचारू नका, त्याला ‘विचार करू’ हे उत्तर तयार असतं. विचारा, ‘कॅन्सरच्या पेशंटपुरतं बिल आलं तर तुम्ही मत द्याल का, आणि पार्टीच्या बंद मीटिंगमध्ये तसं म्हणाल का?’ मत आधीच तुमच्या बाजूचं असेल तर तो मीटिंगमधला प्रश्न जास्त महत्त्वाचा.

काही होतं का, हे तुम्ही विचारलंत. मी 2015 मध्ये हॅरिसबर्गला, पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, दोनदा गेले होते, स्वतःच्या कामासाठी नाही, माझ्या फार्मसीत येणारी एक आई होती तिच्याबरोबर. तिच्या मुलीला दिवसाला कितीतरी फिट्स यायच्या. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, अशा आयांचा जथाच असायचा, मुलं व्हीलचेअरमध्ये, काहींच्या डोक्यावर पडून लागू नये म्हणून हेल्मेट. ही बाई एका आमदाराच्या ऑफिसात गेली, बसली, काही बोलली नाही, पर्समधून झिपलॉकची पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. नऊ बाटल्या. नारिंगी, माझ्याच हातची लेबलं होती त्यातल्या सहांवर. मग म्हणाली, हे सगळं कायदेशीर आहे, यातल्या दोन औषधांनी तिचं लिव्हर जातंय, आणि मी जे मागतेय ते बेकायदा आहे. एवढंच. तो असिस्टंट बाटल्या परत पिशवीत भरून देत होता तेव्हा त्याचा हात थरथरत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिथलं बिल एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट सिनेटर असं जोडीने चालवत होते, आणि 17 एप्रिल 2016 ला गव्हर्नर टॉम वुल्फ यांची सही झाली. एकट्या तिच्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. पण वकिलांच्या आणि कंपन्यांच्या लॉबिस्टांपेक्षा त्या आया तिथे जास्त दिवस बसल्या होत्या.

प्रश्न: मी एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं. कॅन्ससमध्ये राहतो, मला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, पाय रात्री लाकडासारखे ताठ होतात. रस्ता ओलांडला की मिझुरी, तिथे सगळं दुकानात मिळतं. टोपिकाला, आमच्या राजधानीत, मारिवानाच्या बिलावर सुनावणी होणार आहे असं ऐकलं, तिथे उभं राहून सांगावं म्हणतो की मी वापरून बघितलं आणि मला फरक पडला. मित्र म्हणतात धाडस आहे, बायको म्हणते मूर्खपणा आहे. तुमचं काय मत?

बायकोचं ऐका.

हे मी गंमतीत लिहीत नाहीये, या कॉलममधलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा, आणि तुमच्यासारख्या रांगेतल्या सगळ्यांना वाचायला द्या. राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राच्या 1970 च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टखाली मारिवानाला बंदी आहे, आणि इमिग्रेशन हा केंद्राचा कारभार. तिथे शिक्षाच व्हायला लागते असं नाही. ड्रगचा गुन्हा ठरेल असं कृत्य आपण केलं अशी कबुली नॉन-सिटिझन माणसाने दिली तर तेवढ्यावर त्याला ग्रीन कार्ड नाकारता येतं, देशात परत येताना अडवता येतं. एप्रिल 2019 मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने, स्पष्ट लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असला तरी मारिवानाचा वापर सिटिझनशिपच्या अर्जात ‘गुड मॉरल कॅरेक्टर’च्या आड येऊ शकतो, आणि मारिवानाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा. म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. आणि विधिमंडळाच्या कमिटीपुढे, माइकवर, स्वतःचं नाव सांगून ‘मी मिझुरीत जाऊन घेतो’ म्हणणं, ज्याचा व्हिडिओ वर्षानुवर्षं जपून ठेवतात, याच्यापेक्षा पक्की कबुली ती कुठली?

काहीजण म्हणतील, अहो पण 2014 पासून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बजेटमध्ये कलम घालतेय ना की राज्यांच्या मेडिकल प्रोग्रॅमच्या आड यायला जस्टिस डिपार्टमेंटने पैसे खर्च करायचे नाहीत. घालतेय, दर वर्षी नव्याने घालावं लागतं. पण यूएससीआयएस आणि विमानतळावरचा ऑफिसर हे होमलँड सिक्युरिटी या वेगळ्या खात्याकडे येतात, ते कलम त्यांच्यासाठी नाहीच. आणि सुप्रीम कोर्टाकडे बघत असाल तर 2005 च्या गोन्झालेस विरुद्ध रेच केसमध्ये कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने सांगितलंय की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा चालतोच, आणि तिथली पेशंट तर बिचारी अमेरिकनच होती.

आता तुम्ही करू काय शकता, कारण गप्प बसा असं मी म्हणत नाहीये. आमदाराला पत्र लिहिणं, भेटणं, सुनावणीत बोलणं याला सिटिझनशिप लागत नाही. तुमच्या पायांबद्दल बोला. रात्री किती वाजता जाग येते, आत्ताच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी कामावर काय होतं, औषधावर महिन्याला किती जातात. 2017 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजने सगळा अभ्यास चाळून अहवाल दिला होता, त्यात प्रौढांचं जुनं दुखणं, कीमोच्या उलट्या आणि एमएसमधला ताठरपणा या तीन गोष्टींसाठी पुरावा चांगला आहे असं म्हटलंय, ते सांगा. ‘मी वापरलं’ हे दोन शब्द कुठल्याही रूपात नकोत, मित्राची गोष्ट म्हणून नको, हसत हसत नको, फेसबुकवर नको. कोणी आमदाराने सरळ विचारलंच की तुम्ही वापरून बघितलंय का, तर ‘मी इथे माझ्या आजाराबद्दल बोलायला आलोय’ हे वाक्य आधी घरी चार वेळा म्हणून बघा. जायच्या आधी एक तास इमिग्रेशन वकिलाला द्या, ते पैसे वाया जात नाहीत. आणि हो, एच-वनवर असताना कुठल्याही निवडणुकीसाठी उमेदवाराला देणगी द्यायची नाही, राज्याच्या निवडणुकीतही नाही, तो वेगळा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुभा आहे.

मिझुरीच्या दुकानाबद्दल मी काही लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्याल.

प्रश्न: तुम्ही एवढ्या जबाबदार बाई असून गांजाची वकिली करता याचं आश्चर्य वाटतं. ‘मेडिकल’ हे नुसतं मागचं दार आहे, एकदा उघडलं की सगळे आत. आमची मुलं हायस्कूलमध्ये आहेत.

रागावून लिहिलंयत पण प्रश्न बरोबर आहे. ओक्लाहोमाचं उदाहरण तुमच्या बाजूने आहे, मीच देते. तिथे जून 2018 मध्ये लोकांनी मतदानाने जो कायदा केला त्यात आजारांची यादीच नव्हती, डॉक्टरला वाटलं की झालं. काही वर्षांत राज्यातल्या जवळजवळ दर दहा माणसांत एकाकडे पेशंटचं कार्ड, आणि दुकानं इतकी की 2022 मध्ये नवीन लायसन्स देणं थांबवावं लागलं. त्याला मेडिकल म्हणायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचे. पुढे 2023 च्या मार्चमध्ये मजेसाठीच्या गांजाचा प्रश्न तिथे मतदानाला आला तेव्हा त्याच लोकांनी तो आपटला.

पण मग पेनसिल्व्हेनिया बघा. सुरुवातीला 17 आजारांची यादी, ओढायला बंदी, तेल, गोळ्या, मलम असल्या रूपात, दुकानात फार्मसिस्ट किंवा डॉक्टर हजर पाहिजे. याला मागचं दार म्हणत असाल तर त्या दाराला कडी, कोयंडा आणि वॉचमन आहे. सैल कायदा वाईट असतो, त्यावर उपाय नीट कायदा आहे. कायदाच नको म्हटलं की पेशंट पार्किंग लॉटमधून घेतो आणि त्यात काय मिसळलंय ते कोणालाच माहीत नसतं.

तुमच्या मुलांबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. वाढत्या मेंदूवर टीएचसीचा परिणाम ही चेष्टेची गोष्ट नाही, घरात स्किझोफ्रेनियाची हिस्टरी असेल तर तर अजिबात नाही. आणि म्हातारी माणसंसुद्धा, रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असताना सीबीडीचं (गांजातलंच, पण नशा न आणणारं रसायन) तेल स्वतःच्या मनाने सुरू केलेली मी बघितलीयेत, रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर हादरतात. हे औषध आहे म्हणूनच मी म्हणतेय की ते औषधासारखं वागवा, लेबल लावा, टेस्ट करा, डॉक्टरला माहीत असू द्या.

आणि ‘गांजाची वकिली’ म्हणालात म्हणून सांगते. पाश्चात्त्य डॉक्टरांना हे औषध शिकवलं ते 1839 च्या सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने, आपल्या लोकांचं बघून, आणि त्याच्या पेशंटमध्ये आकडी येणारं एक तान्हं बाळही होतं. अमेरिकेच्या औषधकोशात हे 1850 पासून 1942 पर्यंत होतं. माझ्या आधीच्या पिढ्यांतले फार्मसिस्ट काउंटरवरून विकायचे आणि त्यांना कोणी बेजबाबदार म्हणत नव्हतं.

प्रश्न: न्यू जर्सीतलं माझं मेडिकल मारिवानाचं पेशंट कार्ड आहे. आईला संधिवात आहे, भारतात जाताना त्यातलं थोडं मलम नेलं तर?

नाही. विमान आणि विमानतळ केंद्राच्या कायद्यात, आणि उतरल्यावर एनडीपीएस ॲक्ट 1985, म्हणजे भारताचा अमली पदार्थांचा कायदा. शेजारच्या राज्यातसुद्धा गाडीतून न्यायचं नाही, दोन्ही राज्यांत कायदेशीर असलं तरी नाही. आईला गरम पाण्याची पिशवी घेऊन द्या.

प्रश्न: आमच्या टेक्सासमध्ये 2015 पासून कायदा आहे म्हणतात, जॉर्जियात बहिणीकडेही आहे म्हणतात, मग लोक अजून कसली मागणी करतायत? झालं ना काम?

कायदा झाला म्हणजे औषध मिळालं असं नसतं, आणि याचं नमुनेदार उदाहरण तुमच्या बहिणीचंच राज्य. जॉर्जियाने 2015 मध्ये कायदा केला, ठराविक आजारांच्या पेशंटने 5 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं 20 फ्लुइड औंस तेल घरात ठेवायला हरकत नाही. छान. घ्यायचं कुठून? ते कायद्यात नव्हतं. राज्यात बनवायला परवानगी नाही, विकायला नाही, आणि बाहेरून आणलं तर केंद्राचा गुन्हा. म्हणजे लग्नाची परवानगी दिली पण मुलगी बघायला बंदी. तो कायदा आणणारे आमदार ॲलन पीक स्वतः उघडपणे सांगायचे की बाहेरच्या राज्यातलं तेल आजारी मुलांच्या घरी पोचवायला ते मदत करतात, कायदा करणाऱ्यालाच कायदा वाकवावा लागत होता. विकायची परवानगी देणारा दुसरा कायदा 2019 मध्ये आला आणि पहिली दुकानं उघडली ती एप्रिल 2023 मध्ये. आठ वर्षं. 2015 मध्ये फिट्स येणारं चार वर्षांचं पोर असेल तर ते एव्हाना मिडल स्कूलला गेलं.

टेक्सासचंही तसंच हळूहळू. 2015 मध्ये फक्त औषधांना न जुमानणाऱ्या एपिलेप्सीसाठी, अगदी कमी टीएचसीचं. 2019 मध्ये यादी वाढली, 2021 मध्ये सगळे कॅन्सर आणि पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार) आले, टीएचसी 1 टक्क्यापर्यंत गेला, आणि 2025 मध्ये जुनं दुखणं आत घेतलं, लायसन्स वाढवली. इतकी वर्षं एवढ्या मोठ्या राज्यात तीनच कंपन्या होत्या, एल पासोच्या माणसाचं औषध ऑस्टिनच्या आसपासहून यायचं. आणि तुमचं विधिमंडळ विषम वर्षात जानेवारीपासून 140 दिवस भरतं, एकदा बिल चुकलं की दोन वर्षं गेली. म्हणून तिथल्यांनी कामाला लागायचं ते सम वर्षाच्या उन्हाळ्यात, जानेवारीत धावपळ करून काही होत नाही.

तेव्हा बिल हातात आलं की आजारांच्या यादीच्या पुढे जाऊन वाचा, कंटाळवाणं असतं पण वाचा. दुकानं किती, आणि कुठल्या तारखेपर्यंत उघडायची हे लिहिलंय का? तारीख नसेल तर कोर्टकचेऱ्या सुरू होतात, अलाबामाने 2021 मध्ये कायदा केला आणि लायसन्स कोणाला द्यायची यावरून वर्षानुवर्षं भांडत बसले. कार्डाची फी किती? कारण इन्शुरन्स एक पैसा देत नाही, टॅक्समध्येही वजा होत नाही, आणि क्रेडिट कार्ड बहुतेक दुकानांत चालत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुसऱ्या कोणी जाऊन आणायची सोय आहे का? कार्ड आहे म्हणून नोकरीवरून काढता येतं का? हा शेवटचा मुद्दा बहुतेक बिलांत शेवटच्या आठवड्यात गुपचूप गळतो, त्यावर डोळा ठेवा.

लोकांनी मतदानाने पास केलं म्हणून निर्धास्त व्हायचं असंही नाही. मिसिसिपीत नोव्हेंबर 2020 मध्ये भरघोस मतांनी पास झालं आणि मे 2021 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. कारण काय, तर सह्या पाच काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे केंद्राच्या संसदेच्या मतदारसंघांतून, आणायच्या असं राज्यघटनेत लिहिलेलं, आणि राज्यात डिस्ट्रिक्ट उरलेत चारच. वाचून मला हसावं का रडावं कळेना. पण पुढचं ऐका, तिथल्या पेशंटांनी पुन्हा विधिमंडळाचं दार ठोठावलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये कायदा झाला. फ्लोरिडात 2014 मध्ये 57 टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले तरी पडलं, कारण तिथे 60 लागतात. दोन वर्षांनी 71 टक्के. नेब्रास्कात 2020 मध्ये कोर्टाने मतपत्रिकेवरूनच काढलं, 2022 मध्ये सह्या कमी पडल्या, 2024 मध्ये पास.

प्रश्न: मी 71 वर्षांची आहे, साउथ कॅरोलायनात मुलाकडे राहते, सिटिझन आहे. यजमान पॅनक्रियाजच्या कॅन्सरने गेले, शेवटचे तीन महिने मॉर्फीनमुळे ते ना जागे ना झोपलेले असे होते. इथे या बिलावर कमिटीपुढे बोलायला बोलावलंय. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे. मुलगा म्हणतो मी लिहून देतो तू वाच. काय करू?

आजी, जा. मुलाला लिहू देऊ नका, तो छान लिहील आणि सगळं बिघडेल.

तुमच्या राज्यात हे बिल टॉम डेव्हिस नावाचे सिनेटर वर्षानुवर्षं चिकाटीने आणतायत. 2022 मध्ये सिनेटने पास केलं, आणि हाउसने ते न वाचताच परत केलं म्हणा ना, का तर त्यात टॅक्सचं कलम आहे आणि टॅक्सचं बिल हाउसमधूनच निघायला हवं. असल्या लोकांपुढे आकडे मांडून उपयोग नाही, आकडे त्यांना लॉबिस्ट रोज देतात. तुमच्याकडे जे आहे ते त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडे नाही.

वेळ साधारण दोन-तीन मिनिटं मिळते, समोर दिवा असतो, पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की चेअरमन मधेच थांबवतात आणि ते सगळ्यांनाच थांबवतात, अपमान वाटून घेऊ नका. दोन मिनिटांत हळू बोलणाऱ्या माणसाचे दोनशे शब्द होतात, म्हणजे वहीचं एक पान, मोठ्या अक्षरात. सुरुवात नाव आणि गावाने करा, आपल्याच मतदारसंघातली बाई आहे म्हटलं की माना वर होतात. मग एकच दिवस सांगा. तीन महिने नको, आजाराचा इतिहास नको, एक दिवस. मला वाटतं नातवाचा वाढदिवस असेल, किंवा मुलगी फोनवर होती आणि त्यांना तिचा आवाज ओळखता आला नाही, असं काहीतरी असेलच, तुम्हालाच माहीत. मॉर्फीन वाईट आहे असं म्हणू नका, ते वाईट नाहीच, मी आयुष्यभर दिलंय. म्हणा की त्याच्याबरोबर दुसरं काही देता आलं असतं आणि मॉर्फीन थोडं कमी लागलं असतं तर आम्हाला बोलायला मिळालं असतं का, हे मला कधीच कळणार नाही. हे खरं आहे आणि यावर कोणाला वाद घालता येत नाही. गांजाने कॅन्सर बरा होतो असं मात्र चुकूनही म्हणू नका, तुमच्या आधी कोणीतरी ते म्हणेलच आणि समोरचे सगळे फोन काढून बसतील.

शेवटी सरळ मागा, ‘प्लीज व्होट येस.’ पुष्कळ लोक सगळं सांगतात आणि हेच विसरतात.

इंग्रजीची काळजी करू नका. एखादा शब्द अडला तर मराठीत म्हणा आणि मुलाला सांगायला लावा, तेवढ्यापुरता त्याला शेजारी उभा करा, आधी ऑफिसला फोन करून विचारून ठेवा की चालेल का. पानाच्या वीस-पंचवीस कॉपी काढून न्या, क्लार्ककडे द्यायच्या, म्हणजे ऐकू आलं नाही तरी वाचता येतं. यजमानांचा फोटो न्यावासा वाटला तर न्या, पण आजारातला नको, त्याआधीचा न्या.

सकाळी लवकर जाऊन नाव नोंदवा. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, स्वेटर तर नक्की, त्या खोल्या फ्रीजसारख्या गार असतात. तुमचा विषय यादीत तिसरा असला तरी दुपारचे तीन वाजू शकतात, मधेच मतदानाची घंटा होते आणि सगळे आमदार उठून जातात, तेव्हा सुनावणी संपली समजून घरी यायचं नाही. ते परत येतात.